पासबुक हातात दे

पंचवटी, नाशिक
पौष महिना

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर बोलत होतास तेव्हा बाबांनी बातम्या मोठ्याने लावल्या होत्या आणि माझा कुकर शिट्ट्या मारत होता. म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. पण ऐकलं सगळं. बँकेच्या शाखेचं शटर वर जायच्या आत दारात रांग, निम्म्या लोकांची बोली तुला कळत नाही, तुझी त्यांना कळत नाही. अंगठा लागत नाही, लागला तर नेट जातं. ‘लाडक्या बहिणीचे आले का’ हे दिवसभर. आणि त्या म्हातारीने तिसऱ्यांदा पासबुक पुढे केलं तेव्हा तू ते काचेखालून तिच्याकडे भिरकावलंस. हसत सांगितलंस खरं, पण मुद्दाम सांगितलंस म्हणजे तुलाही ते कुठेतरी टोचलं असणार.

रागवायला लिहीत नाहीये. व्हॉट्सॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू ‘ओके आई’ म्हणून अंगठा पाठवला असतास, म्हणून कागद घेतला.

आप्पाआजोबा गेले तेव्हा तू आठवीत होतास. तुला आठवतात ते ओट्यावर खुर्ची टाकून बसणारे, सार्वजनिक वाचनालयातून येताना तुझ्यासाठी शेंगदाण्याची पुडी आणणारे आप्पा. (आणि वाचून झालेला पेपर मूळच्या घडीवर परत दुमडणारे. तू एकदा तो टराटरा उलटा दुमडलास तेव्हा त्यांनी न बोलता तुझ्या हातातून घेऊन नीट केला होता, आठवतं?) मी मात्र त्यांना नोकरीत पाहिलंय. माझं लग्न झालं तेव्हा त्यांच्या एसटीतल्या नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती. त्यांच्या खाकीला मी स्वतः इस्त्री केलीय, बिल्ला पितांबरीने घासलाय. म्हणून ते काउंटरवर कसे होते हे मला माहीत आहे. त्यांचं काउंटर चालतं होतं, एवढाच फरक.

त्यांना बहुतेक पेठची लाइन असायची. पंचवटीतून पेठ रोडला लागायचं, डावीउजवीकडे द्राक्षांचे मळे संपत जायचे, मग सावळघाट, करंजाळी, कोटंबीचा घाट आणि पेठ. पावसाळ्यात तिकडे असा पाऊस की गाडीच्या टपातून आत पाणी गळायचं आणि माणसं गाडीत इरली घेऊन बसायची. प्रवासी म्हणजे कोकणा, महादेव कोळी, वारली. दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला बिऱ्हाडासकट दिंडोरी-निफाडकडे उतरणारी, होळीला परत जाणारी. सोबत भांड्यांचं बोचकं, कोंबड्या, कडेवर पोर. ऐन पावसात पाटीभर खेकडे. त्या गाडीला सुशिक्षित मंडळी नाकं मुरडायची. काही कंडक्टरही तसलेच. ‘ए, सरक पुढं’ याखेरीज भाषाच नाही.

तेव्हा तिकिटाचं मशीन नव्हतं. ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात वेगवेगळ्या रकमेच्या तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच. एका माणसाच्या भाड्याला कधी तीन-तीन तिकिटं फाडून बेरीज करावी लागायची. वे-बिल, म्हणजे खेपेच्या तिकिटांचा हिशेब, भरायचं, रात्री डेपोत पैसे मोजून भरायचे, कमी पडले तर खिशातून. आणि एक नियम तुला बँकेतला म्हणून लगेच कळेल. ड्युटीवर चढताना स्वतःचे खासगी पैसे किती जवळ आहेत ते आधी लिहून द्यायचं. वाटेत चेकिंगवाले चढले, पिशवीतली रक्कम आणि तिकिटं जुळली नाहीत, तर नोकरीवर गदा.

आता हे ऐक. हे आप्पांनी मला कधीच सांगितलं नाही, त्यांच्याबरोबरचे ड्रायव्हरकाका सांगायचे. मजुरीला निघालेल्या बाईजवळ कधी पैसे कमी भरायचे. कधी नवऱ्याने प्यायलेले असायचे, कधी मुकादमाने उचल बुडवलेली असायची. कंडक्टरला दोन वाटा असतात. खाली उतरवायचं, नाहीतर तिकीट न देता फुकट बसवायचं. दुसरीत उपकारही होतो आणि चोरीही. आप्पा तिसरंच करायचे. आपले खासगी पैसे ते नियमाप्रमाणे लिहून देऊनच निघायचे. त्यातून ते बाईचे कमी पडलेले पैसे एसटीच्या पिशवीत टाकायचे, पूर्ण तिकीट फाडायचे आणि तिच्या हातात देताना म्हणायचे, ‘मावशी, तुम्ही मघाशी चढताना दिले होते ना, मीच तिकीट द्यायचा राहिलो.’ सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. बाई गोंधळून बघायची. काका म्हणायचे, ‘वहिनी, त्या बाईला त्याचे आभारसुद्धा मानता यायचे नाहीत. मानले तर खोटं उघडं पडणार!’

मला यातली मदत फार मोठी वाटत नाही. रुपया-दोन रुपये देणारी माणसं पुष्कळ असतात, आपल्या नाशकात तर रामकुंडावर रोज हजारो जण देतात. पण रामकुंडावर देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली बसलेला असतो, आणि दोघांनाही ते माहीत असतं. आप्पा देताना घेणाऱ्याला देणेकरी होऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्याला पैसे देणं सोपं, त्याची मान तशीच ताठ राहील हे बघणं अवघड, आणि आप्पांचं सगळं लक्ष त्या दुसऱ्या गोष्टीवर असायचं.

सुट्ट्या पैशांचंही तसंच. कंडक्टर आणि प्रवासी यांची निम्मी भांडणं सुट्ट्यांवरून. त्या काळी तिकिटाच्या पाठीमागे बाकी रक्कम लिहून द्यायची पद्धत होती, उतरताना मागून घ्यायची. ज्याला वाचता येत नाही त्याला काय कळणार पाठीवर काय लिहिलंय, आणि ज्याला बोलायची भीती वाटते तो मागणार कसा? आप्पा एक छोटी वही ठेवायचे. गाव, माणसाची खूण, बाकी. नाव माहीत नसायचं म्हणून खुणा: ‘लाल फेटा, करंजाळी, आठ आणे’. ‘काठीवाला म्हातारा, पोराला मिसरूड, चार आणे’. पुढच्या खेपेला तो माणूस दिसला की आधी त्याचे पैसे. ती वही आजीने नंतर चूल पेटवायला घेतली. तुला दाखवायला आज हवी होती.

पण मला लिहायचंय ते याच्या पुढचं. आप्पा सुट्टे पैसे द्यायचे तेव्हा समोरच्याच्या तळहातावर ठेवायचे. ठेवायचे, टाकायचे नाहीत. मी एकदा माहेरून येताना त्यांच्याच गाडीत होते, निफाडला त्यांची बदली ड्युटी लागली होती. गर्दीत, एका हाताने दांडी धरलेली, गाडी हिंदकळतेय, तरी ते प्रत्येकाच्या हाताला हात लावून पैसे ठेवत होते. मला वाटलं सवय असेल. घरी आल्यावर विचारलं तर आप्पा म्हणाले, ‘वरून टाकलेले पैसे मी लहानपणी पाहिलेत.’ आणि हात धुवायला गेले.

एवढ्यावर मला काही उमगलं नाही. आजीने नंतर सांगितलं. आप्पांचे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, निफाड तालुक्यातले माळकरी. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर पायी त्र्यंबकला जायचे. वारकऱ्यांची रीत तुला माहीत आहे, समोर वारकरी आला की वय, मान काही न बघता दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावतात. पणजोबा नातवाच्या वयाच्या पोराच्या पायाशी वाकायचे. फार गोड माणूस होता म्हणे. आणि त्याच माणसाच्या गोठ्यात, कोनाड्यात एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. शेतावर राबणाऱ्या गड्यांसाठी, जे गावकुसाबाहेर राहायचे. मजुरी द्यायची ती त्यांच्या ओंजळीत वरून सोडायची, हाताला हात लागू नये म्हणून. दिंडीत पायाला हात लावणारा, घरी मजुरीचे पैसे वीतभर उंचीवरून सोडणारा. दोन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने संस्कारच होते. कुणी त्यांना वाईट म्हणालं असतं तर ते खरोखर चकित झाले असते.

आपण राहतो तिथून काळारामाचा दरवाजा हाकेच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दारात सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चिकाटीने चालवला, आणि तरी दार उघडलं नाही. तू त्या दारावरून रोज शाळेत गेलास. आप्पांचा जन्म त्यानंतरचा, पण नाशकात नोकरीला आल्यावर सत्याग्रह पाहिलेली माणसं त्यांना पंचवटीत भेटली. दार बंद ठेवणारे लोक दुष्ट नव्हते, हे आप्पांना सगळ्यात जास्त लागलं होतं. घरी आल्यागेल्याला पाणी, गूळ देणारी, मऊ बोलणारी माणसं होती ती. त्यांचे शिष्टाचार उत्तम होते. फक्त कुणाला लागू आणि कुणाला नाही याची यादी त्यांच्याकडे आधीपासून तयार होती.

म्हणून आप्पांनी बापाकडून निम्मं घेतलं. वाकणं घेतलं, कप टाकला.

आपल्या घरातल्या पेल्यांवर नावं का नाहीत, हे तू कधी विचारलं नाहीस. सगळ्यांच्या घरी भांड्यांवर नाव घातलेलं असतं, कुणी दिलं, कधी दिलं. माझ्या माहेरच्या तांब्यावर तर लग्नाची तारीखसुद्धा आहे. आप्पांनी संसाराच्या सुरुवातीलाच भांडी बाजारातून एकसारखे स्टीलचे दोन डझन पेले आणले आणि दुकानदाराने नाव घालायला घेतलं तर म्हणाले, काही घालू नका. आजी चिडली. शेजारी लग्नकार्यात भांडी नेली की ओळखायची कशी? आप्पा म्हणाले, ओळखू येऊ नयेत म्हणूनच. घरी ड्रायव्हरकाका यायचे, डेपोतला झाडूवाला यायचा, निफाडचे भाऊबंद यायचे. कोण कुठल्या पेल्यातून प्यायलं हे घासल्यानंतर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. चुलत सासरे एकदा आले होते, ते चहा न घेता बराच वेळ पेल्यांच्या रांगेकडे बघत बसले. आप्पांनी त्यांना काही ऐकवलं नाही. ‘दादा, साखर कमी घालायला सांगू का?’ एवढंच विचारलं. शेवटी दादांनी घेतला चहा. तहानेपुढे काय करणार.

आता तुला वाटेल, आई आप्पांची आरती करतेय. थांब. आजीकडून बघ जरा.

पेठची शेवटची गाडी चुकलेली माणसं आप्पा सरळ घरी घेऊन यायचे. रात्री नऊला, न सांगता. ‘दोन भाकरी वाढव गं.’ दोन खोल्यांचं घर, त्यात तुझे बाबा, आत्या, काका, म्हातारी पणजी, आणि ओट्यावर अंथरूण टाकून झोपलेली परकी बिऱ्हाडं. पीठ तेवढंच असायचं. अशा रात्री आप्पा म्हणायचे, मला आज एकादशी आहे. आजी म्हणायची, ‘तुमच्या महिन्यात एकादशा किती हो?’ पण ते उपाशी राहायचे ते दिसायचं, आजी उपाशी राहायची ते कुणाला दिसायचं नाही, कारण ती शेवटी आणि चुलीपाशी जेवायची. ‘लष्कराच्या भाकऱ्या’ हा तिचा ठरलेला शब्द होता, आणि तो ती गमतीने म्हणत नसे. आप्पांची माणुसकी आजीच्या पिठावर चालली, हे कुणीतरी एकदा लिहून ठेवायला हवं होतं. घे, मी लिहिलं. गावाला अहो-जाहो करणारा माणूस बायकोला ‘जमेल का’ असं कधी विचारत नव्हता. रिटायर झाल्यावर विचारायला लागले. तोवर तिचे गुडघे गेले होते.

दुसरं, त्यांना नाही म्हणता यायचं नाही. रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे आले आणि घरात नातेवाईक यायला लागले. कुणाची विहीर, कुणाचं लग्न. ‘देतील, माणसं चांगली आहेत.’ माणसं चांगली होती, पैसे आले नाहीत. ताईच्या इंजिनिअरिंगला आपण कर्ज काढलं ते त्यामुळे. बाबांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, पण तेव्हापासून ते कुणाला उसने देत नाहीत आणि मीही देत नाही. द्यायचे तर परत न मिळण्याच्या हिशेबाने, झेपतील तेवढेच द्यायचे. हे मी आप्पांकडून घेतलेलं नाही आणि तूही घेऊ नकोस. बँकेत कुणी सहीसाठी, जामिनासाठी गळ घातली तर सरळ नाही म्हण. गोड नाही म्हण, पण नाही म्हण.

तुला २००३चा सिंहस्थ आठवत नसेल, तू चार वर्षांचा होतास. आता सगळीकडे पुढच्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, रस्ते खणून ठेवलेत, रिक्षावाले पंचवटीत यायचे दुप्पट मागतात. मला दर वेळी तोच दिवस आठवतो. २७ ऑगस्टला, पर्वणीच्या स्नानाला, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३०हून अधिक माणसं गेली. आपल्या गल्लीपर्यंत आरडाओरडा येत होता. मग माणसं यायला लागली. एक चप्पल, एक पिशवी, सोबतचं माणूस हरवलेलं. मराठी न येणारीही पुष्कळ. मोबाइल कुणाकडे नव्हता म्हटलं तरी चालेल, एसटीडी बूथवर ही रांग. आप्पांनी आपला फोन ओट्याजवळच्या खोलीत ठेवला. लोक नंबर सांगायचे, आप्पा फिरवायचे, पलीकडे रिंग वाजली की रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचे आणि बाहेर निघून यायचे. दार ओढून. मला आणि आजीलाही त्यांनी बाहेर काढलं. माझी पोळी तव्यावर होती, ती करपली. मी म्हटलं, आप्पा, आपण ऐकलं तर काय बिघडतं, त्यांची भाषा आपल्याला कुठे कळते? तर म्हणाले, ‘रडणं कळतं की.’

फोनचं बिल आलं तेव्हा बाबांच्या कपाळावर आठ्या आल्या. पण त्याविषयी घरात कुणी काही बोललं नाही, आजीसुद्धा नाही. त्या वेळी सकाळपासून भाकऱ्या बडवणारी तीच होती, आणि त्या दिवशी तिने कुणाला लष्कर म्हटलं नाही.

बाबा तुला अबोल वाटतात, मलाही तीस वर्षं वाटतायत. आप्पांसारखं ‘बसा, या’ त्यांना जमत नाही. पण आपल्याकडे आलेला कुठलाही माणूस, गॅसवाला असो की साहेब, परत निघाला की ते तीन जिने उतरून फाटकापर्यंत जातात आणि तो दिसेनासा होईस्तोवर उभे राहतात, तोंडातून एक शब्द न काढता. निम्मे लोक त्यामुळे घाबरतात. ताईचं वेगळं. ती पुण्यात पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांना पाणी विचारते, आणि लिफ्ट बंद असली तर स्वतः खाली उतरते. मी तिला हे शिकवलेलं नाही, आप्पांनीही सांगितलं नव्हतं. कुठून येतं ते मला कळत नाही, आणि मी तर या घरात रक्ताची नाहीच. माझ्यात आलंच असेल तर ते पेले घासता घासता आलं असेल.

तर तुझं काउंटर. तुझं काम कठीण आहे, हे मी मान्य करूनच लिहितेय. आप्पांच्या गाडीत पन्नास-साठ माणसं असायची आणि घाट संपला की गाडी रिकामी व्हायची. तुझी रांग संपत नाही, वरून साहेबांचे टार्गेट. चिडचिड होणारच. मनात हवी तेवढी चिड. संध्याकाळी मला फोन करून शिव्या दे. पण हाताला शिस्त लाव. पासबुक हातात दे. काच आहे, खाच आहे, माहितीये मला, तरी पलीकडचा हात येईपर्यंत तू धरून ठेव आणि मग सोड.

अंगठा लागत नाही तेव्हा तू ‘तुमचा अंगठा लागत नाही’ म्हणतोस. डोंगरउतारावर नागली लावून, दगडमाती उचलून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजून जातात, त्यात तिचा काय दोष? ‘मशीनला नीट दिसत नाहीये, दुसरं बोट ठेवून बघू’ म्हण. वेळ तेवढाच लागतो. बाकीच्यांनी ऐकलं तरी तिला मान खाली घालावी लागत नाही.

आणि ‘उद्या या’ हे सगळ्यात जपून वापर. पेठला पावसात दरड आली की बाकीचे कंडक्टर स्टँडवर लोकांना सांगायचे, ‘येईल, येईल गाडी, बसा.’ म्हणजे कटकट मिटली. माणसं अंधार पडेपर्यंत बसून राहायची. आप्पा स्टँडवर जाऊन सांगायचे, आज गाडी येणार नाही, चालत जायचं असेल तर आत्ता उजेडी निघा. लोक त्यांच्यावर ओरडायचे, शिव्या द्यायचे. खोटं गोड बोलणाऱ्यावर कुणी ओरडत नव्हतं. पण पुढच्या वेळी लोक खरं काय ते विचारायला आप्पांकडेच यायचे. तुझ्याकडे येणारी बाई डोंगरावरून उतरून, जीपला पैसे मोजून येते, तिचा रोज बुडतो. पैसे आलेले नाहीत आणि उद्याही येणार नाहीत हे तुला स्क्रीनवर दिसत असेल तर तसं सांग. कधी यायचं तो वार सांग, बाजाराचा दिवस सांग म्हणजे तिची एकच खेप होईल. ती चिडली तर चिडू दे.

बोली शिकायचं म्हणशील तर आप्पांना पेठच्या लोकांची कोकणा बोली बऱ्यापैकी यायची, आणि ती त्यांनी मुक्कामी गाडीच्या रात्री शिकून घेतली होती. मुक्कामाच्या गावी ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे, कुणीतरी भाकरी आणून द्यायचं, मग गप्पा. आप्पा नाशकातून त्यांची औषधं न्यायचे, पोरांच्या वह्या न्यायचे. तुझ्या शाखेतला शिपाई तिथलाच आहे म्हणालास ना? त्याला रोज दुपारी एक वाक्य विचार. बसा, पैसे आले, पैसे नाही आले, कुणाला सोबत आणा. एवढ्यावर सुरुवातीला पुष्कळ चालेल. लोक तुझे उच्चार ऐकून हसतील. त्यांना हसू दे, रांगेतल्या माणसाला दिवसभरात हसायला मिळतंच कुठे.

बदलीचा अर्ज करू का, असं तू विचारलंस. कर की. मुदत झाली की लगेच कर, त्यात काही वाईट नाही. आप्पांनीही पेठच्या लाइनवरून दोनदा बदली मागितली होती, कंबर धरायची म्हणून. मिळाली नाही, तेव्हा डेपोत तोंड भरून बोलले होते. ते काही साधूसंत नव्हते आणि तुलाही व्हायचं नाहीये.

एसटीच्या पार्सलने डबा पाठवतेय, धुळ्याला गाडी बदलते म्हणून घट्ट बांधलाय. तिळाचे लाडू आहेत, नाशिकचा चिवडा आहे. निळ्या झाकणाचा डबा शिपायासाठी आणि रात्रीच्या वॉचमनसाठी आहे. तुझ्यातलं उरलंसुरलं त्यांना देऊ नकोस, तो डबा तसाच बंद दे. शिवाय वाचायचे दोन चष्मे टाकलेत, मेन रोडवर फुटपाथवर मिळतात ते, साध्या नंबरचे. त्यांना दोरी बांधून काउंटरला अडकव. स्लिप भरताना लोकांना अक्षर दिसत नसतं आणि सांगायची लाज वाटते. तिकडे थंडी कडाक्याची असेल, बंडी घाल.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, मोटारसायकलचा विमा या महिन्यात संपतोय, भरलास का? आणि डबे परत आण, निळं झाकण माझ्या माहेरच्या डब्याचं आहे.